एकतीस डिसेंबरला हयात

रास्ता पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या माडीत
आमची नोंदणी. चौदा वर्षं मी
पुणे परिसरातल्या मेंदूच्या, मज्जारज्जूच्या गाठी मोजतो.
वर्षात नव्या किती निघाल्या, तो आकडा हुपरीकर बाई काढतात.
माझ्याकडे दुसरा:
ती गाठ डोक्यात नाहीतर कण्यात घेऊन
एकतीस डिसेंबरला किती जण हयात होते.

म्हणून जानेवारीत फोन लावतो.
"नोंदणीतून बोलतोय" म्हटलं
की लोकांना वाटतं जमिनीचं काहीतरी.
नऱ्ह्याच्या एका आजोबांनी मला अख्खा सातबारा वाचून दाखवला,
पोटखराब्यासकट.
मी मध्ये थांबवलं नाही.
माणूस वाचत होता.
म्हणजे वाचला होता.

धायरीच्या खंडेराव पोकळ्यांच्या घरी
त्यांची बायको म्हणते, "आहेत ना, देते,"
आणि मग नुसता श्वास.
डावीकडची गाठ काढली तेव्हा
शब्दही निघून आले तिच्याबरोबर, मुळासकट.
ते नखानं फोनवर टकटक करतात. दोनदा.
तिसऱ्या वर्षापासून मीही करतो.

शाळेतलंच गणित आहे:
रेघेच्या वर अंश, खाली छेद.
खाली लाख माणसं.
स्वारगेटला बसमागे धावणारी,
मार्केट यार्डात पहाटे कांद्याच्या गोणीवर बसून दात घासणारी,
हिंजवडीच्या सिग्नलला इंजिन बंद करून मान मोडणारी.
आपण छेदात आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.
वर मोजकी.
त्यांना छेद म्हटलं की
कानामागून वर गेलेली, केस न उगवणारी रेघ आठवते.

रेघेवर कुणाला घ्यायचं, याचा नियम आहे.
बारा महिने इथे राहिला तर तो पुण्याचा.
व्यंकट मुसळ्यानं मंगळवार पेठेत खोली घेतली होती,
दवाखाना चालत गाठता यावा म्हणून.
अकरा महिन्यांचा करार, घरमालक तेवढाच करतात.
तोही तेवढाच राहिला.
त्याच्या गावाकडे अशी वही आहे का, मला माहीत नाही.
हल्ली सगळं संगणकावर.
खोडताना कागद फाटत नाही.

आणि दत्तवाडीच्या कुदळे बाई.
तीन जानेवारीला मी विचारलं, आहेत का.
त्या म्हणाल्या, परवापर्यंत होते.
मी बोटांवर मोजलं.
म्हणजे त्या वर्षाच्या आकड्यात कुदळे आहेत,
पक्के.
हे बाईंना सांगावं असं वाटलं
आणि फोन ठेवला.

मुंढव्याच्या मेहरुन्निसा अत्तार ब्लाउज शिवतात.
पाठीतल्या गाठीनं पाय नेले,
तेव्हा भावानं मशीनला मोटर बसवून
तिचं बटण कोपराखाली आणून दिलं.
फोनवर मोटर ऐकू येते, मग थांबते.
गेल्या वर्षी त्यांनीच उलट विचारलं,
"दरवर्षी विचारता. आम्ही आहोत तरी किती?"
नावं सांगता येत नाहीत. आकडा सांगितला.
पलीकडे जरा हिशेब चालला.
"म्हणजे चार-पाच पीएमट्या भरतील.
दिसत कसं नाही कोणी?"
मी म्हटलं, कदाचित दिसत असतील.
"हां," त्या म्हणाल्या, "टोपी घालत असतील,"
आणि मोटर परत सुरू झाली.

यंदा त्यांचाच फोन आला.
एकतीस तारीख, संध्याकाळचे सहा,
मी शटर ओढत होतो,
खाली दुकानदार पोरांच्या सायकलींत फुकट हवा भरत होता.
"उद्या तुम्हाला सुट्टी असेल. लिहून घ्या, आहे."
मी म्हटलं, लिहितो.
"पण एक सांगा,
किती वाजेपर्यंतचं धरता?"